पहिली पाटी सोडून

माझ्या पेन्शनच्या कागदांवर माझी नोकरी एका शाळेच्या कार्यालयातली आहे. हजेरीपट, दाखले, शिक्षकांच्या रजा. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही, शाळेत काय चालतं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण त्याआधी, ऐंशीच्या दशकात, मी सहा वर्षं रत्नागिरीत बसून देशाचं आर्थिक धोरण बदलायचं काम केलं. त्याची नोंद कुठेच नाही. पुढे धोरण खरोखर बदललं तेव्हा दिल्लीहून मला साधं कार्डही आलं नाही, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. या अंकाच्या संपादकांनी ‘कामाच्या आठवणी लिहा’ म्हटल्यावर मला शाळा आठवली नाही, ती सहा वर्षं आठवली, आणि त्यातही बांगडा मासळीची एक पाटी.

संस्थेचं नाव होतं खुला व्यवहार अभ्यास मंडळ. हल्ली अशा संस्थांना थिंक टँक म्हणतात आणि त्यांची काचेची ऑफिसं असतात. आमचं ऑफिस म्हणजे भाऊसाहेबांच्या घराची पडवी. संस्थापक, अध्यक्ष आणि प्रमुख वक्ते भाऊसाहेबच होते. कर्मचारी मी एकटी. भाऊसाहेबांनी तीस वर्षं मुंबईत रेशनिंग खात्यात काढली होती. साखर कोणाला किती, रॉकेल कोणाला किती, हे ठरवून ठरवून त्यांना नियंत्रण या गोष्टीचा असा काही वीट आला, की निवृत्त होऊन गावी आल्या आल्या त्यांनी दारावर पाटी लावली. किमती सरकारनं ठरवू नयेत, परवाने बंद व्हावेत, ज्याला जे विकायचं ते विकू द्यावं, एवढंच मंडळाचं म्हणणं. माणसाची सगळी हयात ज्यात गेली तेच चूक होतं असं तो स्वतः सांगतोय म्हटल्यावर लोक ऐकायचे. निदान चहा येईपर्यंत तरी ऐकायचे.

मी मांडवीची, म्हणजे रत्नागिरीच्या बंदरावरची. आई लहानपणीच गेली, वडील होडीवर, त्यामुळे मला वाढवलं गंगूआत्यानं. आत्या मासळी विकायची. तिचा नवरा समुद्रात गेला तो परत आला नव्हता. पाटी डोक्यावर घेऊन घरोघर फिरून तिनं मला मॅट्रिक केलं, वर मराठी टायपिंगच्या क्लासला घातलं. क्लासच्या बाईंनी भाऊसाहेबांना माझं नाव सुचवलं. पहिल्या दिवशी आत्यानं विचारलं, काय काम हाय? मी सांगितलं, सरकारनं काय करू नये ते टाइप करायचं. ती म्हणाली, मग बरीच वर्षं पुरंल.

आता हा धंदा चालतो कसा ते सांगते, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की धोरणं मंत्री ठरवतात. तसं नसतं. कुठल्यातरी परदेशी विद्वानाला एक विचार सुचतो. तो इंग्रजी पुस्तिकेतून मुंबईच्या मोठ्या संस्थेकडे येतो. तिथून टपालानं पुस्तिकांचा गठ्ठा आमच्या पडवीत यायचा. भाऊसाहेब त्या वाचून मला मराठीत मजकूर सांगायचे, आणि त्यातली उदाहरणं बदलायचे. मूळ पुस्तिकेत गहू असला की आमच्याकडे हापूस व्हायचा, घड्याळ असलं की कोयती. मग मी स्टेन्सिल कापायची. म्हणजे टाइपरायटरची रिबन बाजूला सारून मेणाच्या कागदावर अक्षरं ठोकायची, चुकलं तर गुलाबी औषधाचा ठिपका लावून फुंकायचं, आणि तो कागद सायक्लोस्टाइल यंत्राच्या रुळावर चढवून दांडा फिरवायचा. दोनशे प्रती. त्या आमदारांना, वकिलांना, बँकांच्या मॅनेजरांना आणि वर्तमानपत्रांना जायच्या. कधीतरी एखादा पुढारी भाषणात आमचं वाक्य वापरायचा, कोणाचं ते न सांगता. भाऊसाहेब ते कात्रण चिकटवहीत लावून खाली लिहायचे, ‘परिणाम’.

यंत्राची शाई माझ्या नखांतून सहा वर्षं गेली नाही. आत्याच्या हातांना मासळीचा वास आणि माझ्या हातांना शाईचा, त्यामुळे घरातली मांजर तिच्याकडे जायची आणि माझ्याकडे पाठ फिरवायची.

दुसरं मोठं काम वर्तमानपत्रांतल्या वाचकांच्या पत्रव्यवहाराचं. जनमत तयार झालं पाहिजे असं भाऊसाहेब म्हणत, आणि ते आम्ही दर मंगळवारी तयार करत असू. ‘एक जागरूक नागरिक’, ‘एक त्रस्त ग्राहक, खेड’, ‘एक गृहिणी, मांडवी’. गृहिणी म्हणजे मी. तेव्हा माझं लग्न झालं नव्हतं, पण साखरेच्या नियंत्रणामुळे माझा संसार कसा मेटाकुटीला आलाय हे मी इतकं पोटतिडकीनं लिहायची, की एकदा एका वाचकानं संपादकांमार्फत माझ्या पतीचं सांत्वन केलं होतं.

या पत्रांना उत्तरंही यायची. ती लिहायचे गुरुजी. गुरुजी म्हणजे शेजारचे निवृत्त मुख्याध्यापक, भाऊसाहेबांचे बालमित्र. दोघांच्या आवारांत फक्त एक दगडी गडगा. गुरुजींचा सगळा विश्वास नियोजनावर. बाजार मोकळा सोडला की धनदांडगे गरिबाला खातात, तेव्हा सरकारनं लक्ष घातलंच पाहिजे, असं ते सांगत. भाऊसाहेबांचं पत्र छापून आलं की आठ दिवसांत ‘एक श्रमिक, रत्नागिरी’ यांचं खरमरीत उत्तर यायचं. अडचण एवढीच की श्रमिकाचं अक्षर संपादकांना लागायचं नाही. मग गुरुजी ते गडग्यावरून माझ्याकडे टायपिंगला द्यायचे. मी भाऊसाहेबांना घाबरत विचारलं, तर ते म्हणाले, दुपारी यंत्र रिकामं पडून असतं, रिकामं साधन वापरात आणणं हाच खुला व्यवहार, तू दे करून. त्यामुळे जिल्ह्यातली आर्थिक धोरणावरची सगळी चर्चा, दोन्ही बाजूंनी, एकाच टाइपरायटरवरून निघायची. त्या यंत्राचा ‘भ’ रेघेच्या वर उडायचा. संपादकांना हे अर्थातच कळलं होतं, पण त्यांनाही पान भरायचं असायचं.

चार वाजता दोघं चहाला एकत्र बसायचे आणि तेच सगळं पुन्हा तोंडी बोलायचे. चाळीस वर्षांत एकानं दुसऱ्याचा एकही मुद्दा मान्य केलेला नव्हता. एकानं आज उकडतंय म्हटलं तर दुसरा आत जाऊन शाल घेऊन यायचा.

गिऱ्हाइकंही नाना प्रकारची. खेडचे एक गृहस्थ एसटीनं तीन तासांचा प्रवास करून आले. घर बांधत होते, सिमेंटचं परमिट मिळत नव्हतं. भाऊसाहेबांनी त्यांना परमिट पद्धत मुळातच कशी रद्द व्हायला हवी ते तासभर समजावलं. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, सगळं पटलं, फक्त माझं तेवढं आधी मिळवून द्या आणि मग रद्द करा. भाऊसाहेबांनी जुन्या ओळखीनं दोन चिठ्ठ्या लिहून दिल्या. ते मंडळाच्या वार्षिक अहवालात आलं नाही.

वेळणेश्वरला व्याख्यान होतं, विषय एसटीची मक्तेदारी. देवळाच्या सभामंडपात पंचवीसेक माणसं जमली होती. भाऊसाहेब रंगात आले होते, प्रवाशाला निवड असली पाहिजे, एकाच गाडीची वाट बघत जन्म काढणं ही गुलामगिरी आहे वगैरे. तेवढ्यात बाहेर परतीच्या शेवटच्या एसटीचा हॉर्न वाजला. श्रोते उठले, आभार मानणारे उठले, आणि सगळ्यांच्या पुढे धोतर सावरत भाऊसाहेब धावत सुटले. मी मागून बॅनर गुंडाळत. कंडक्टरनं आमच्यासाठी गाडी थांबवली, भाऊसाहेबांना पुढची जागा दिली आणि तिकिटं फाडता फाडता म्हणाला की भाषण झकास झालं, मी दारातून ऐकत होतो.

अशी मजेत वर्षं चालली होती. मग बातमी आली की किनाऱ्यावरचा मासळीचा लिलाव नियंत्रणाखाली आणायचं सरकारच्या मनात आहे. कुंपण घातलेला बाजार, परवानाधारक खरेदीदार, वर देखरेखीला माणूस. त्याआधी प्रत्यक्ष पाहणीसाठी मुंबईहून एक चौकशी अधिकारी रत्नागिरीला येणार होते. भाऊसाहेबांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. आजवर साखर, सिमेंट, सगळं लांबचं. हा विषय थेट मांडवीच्या बंदरावर आला होता. त्यांनी तीन दिवसांत पत्रक रचलं, ‘मांडवीचा लिलाव : खुल्या व्यवहाराचा आदर्श’. त्यातलं मुख्य वाक्य मला अजून पाठ आहे. ‘येथे कोणीही बोली लावावी, चढ्या बोलीने माल न्यावा, येथे कोणाचा कोणाला मुलाहिजा नाही.’

ते वाक्य ठोकताना माझी बोटं थांबली होती, कारण ते खरं नव्हतं.

मांडवीवर तेव्हा रीत अशी होती. होड्या लागल्या, मासळीच्या पाट्या वाळूवर मांडल्या, की पहिली पाटी जिचा माणूस समुद्रानं ठेवून घेतलाय तिच्यापुढे यायची. ती आपल्याला झेपेल तो भाव सांगायची. पुकारणारा एक वार, दोन वार, तीन वार म्हणायचा, आणि तेवढा वेळ कोणी बोली चढवायची नाही. कोणी समुद्राकडे बघायचं, कोणी बिडी पेटवायचं, कोणी उगाच लुंगी सोडून पुन्हा बांधायचं. पाटी तिची व्हायची आणि मग दुसऱ्या पाटीपासून जी काही मारामारी सुरू व्हायची ती खरोखर मुलाहिजा नसलेली. त्या वर्षांत पहिली पाटी गंगूआत्याची होती. मी शिकले, टाइपरायटरपुढे बसले, ती त्या पाटीवर.

पण ही रीत कोणी बोलून दाखवायचं नाही. बोललं की ती दया झाली, आणि आत्याला दया चालायची नाही. तिनं भाव सांगितला, कोणी चढवला नाही, व्यवहार झाला, असंच सगळे वागायचे. भाऊसाहेब आणि गुरुजी दोघांनाही बांगडा जीव की प्राण, पण मासळी आत्या त्यांच्या मागच्या दारी आणून द्यायची. बाजारावर वर्षानुवर्षं हिरिरीनं लिहिणाऱ्या या दोघांपैकी एकानंही लिलाव पाहिलेला नव्हता. मी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. घरची गोष्ट पडवीत कशाला, आणि टायपिस्टनं मजकुरात तोंड घालायचं नसतं, अशा दोन सबबी मी स्वतःला दिल्या, आणि दोनशे प्रती काढल्या.

अधिकारी आले ते दिवाळीनंतरच्या एका सकाळी. देशावरचे होते, सज्जन होते, आणि मासळीच्या वासानं त्यांनी नाकावरचा रुमाल शेवटपर्यंत काढला नाही. भाऊसाहेब कोट घालून, छत्री घेऊन एका बाजूला. गुरुजी पिशवी घेऊन दुसऱ्या बाजूला, कारण विरोधी पक्षाची बाजूही मांडली गेली पाहिजे. मागे मी वही घेऊन. वाटेत भाऊसाहेबांनी अधिकाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की बघा, तोंडातून शब्द निघायच्या आत बोली कशी चढते ते.

पहिली पाटी आत्यापुढे आली. ताजे, निळसर बांगडे. आत्यानं पदर खोचला आणि म्हणाली, “साठ.”

सगळं बंदर समुद्राकडे बघायला लागलं.

पुकारणाऱ्यानं एक वार म्हटलं. कोणी खोकेना. अधिकाऱ्यांनी रुमालातून विचारलं की बोली का येत नाही. भाऊसाहेब गोंधळले. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिथं एकाहून एक खरेदीदार उभे, आणि सगळे आभाळ मोजतायत. पुकारणाऱ्यानं दोन वार म्हटलं. भाऊसाहेबांच्या डोळ्यांपुढे त्यांचं आदर्श उदाहरण सरकारी माणसादेखत मरत होतं. त्यांनी घसा साफ केला, छत्री वर केली आणि म्हणाले, “पासष्ट.”

आत्यानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. देवळात कोणी चपला घालून आलं की बघतात तसं तिनं पाहिलं. माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली आणि मी ती शोधत बसले, कारण मला वर बघायचं नव्हतं.

यावर गुरुजी म्हणाले, सत्तर. पुढे त्यांनी मला शपथेवर सांगितलं की आत्याचा चेहरा पाहून, पाटी घेऊन ती तिलाच द्यायचा त्यांचा विचार होता. पण भाऊसाहेबांना ते कसं कळणार? त्यांना एवढंच दिसलं की गुरुजी त्यांच्या विरुद्ध बोलले. ते पंचाहत्तर म्हणाले. गुरुजी ऐंशी म्हणाले. चाळीस वर्षांची सवय, दोघांनाही थांबता येईना. शंभराला भाऊसाहेबांचा कोट खांद्यावरून घसरला. दीडशेला गुरुजींनी पिशवी खाली टाकली. आलेली बोली नाकारायची पुकारणाऱ्याला सोय नाही, तो घाम पुसत नुसता आकडे म्हणत होता. कोळणी पाट्या सोडून बघायला आल्या. अधिकारी रुमाल धरलेल्या हातानंच भराभर टिपणं घेत होते. दोनशेला गुरुजींनी खिसा चाचपला आणि ते पालथ्या होडीवर बसले. अख्ख्या रत्नागिरीत जिचे शंभरसुद्धा आले नसते, अशी बांगड्यांची पाटी भाऊसाहेबांनी जिंकली.

तिथे बर्फाचा ट्रक घेऊन मुंबईला माल नेणारे एक शेट असायचे. बाहेरचे होते, पहिल्या पाटीला गप्प बसणं त्यांना कधीच पटलं नव्हतं, पण सगळ्यांत वाईट कोण दिसणार म्हणून ते गप्प राहायचे. ते हसले आणि पुकारणाऱ्याला म्हणाले, “म्हणजे उद्यापासून पहिली पाटीपण खुली समजायची ना?” पुकारणाऱ्यानं दुसरी पाटी पुकारायला घेतली. आत्यानं रिकामी पाटी उचलली आणि ती चालायला लागली.

घरी तिनं चूल पेटवली, चहा ठेवला, माझ्यापुढे कप सरकवला. मग म्हणाली, “आजची पाटी गेली त्येचा काय न्हाय, कुसमे. उद्याची पन गेली.”

मी तशीच पडवीत गेले. टाइपरायटरवरचं कापड न काढता भाऊसाहेबांपुढे उभी राहिले आणि सगळी रीत पहिल्यापासून सांगितली. सहा वर्षांत मी त्यांच्यापुढे एवढं कधी बोलले नव्हते. त्यांच्यामागे स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी दोनशेंच्या बांगड्यांपुढे कपाळाला हात लावून बसल्या होत्या. भाऊसाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

“पत्रक टाइप करताना तुला हे माहीत होतं?”

“होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही मला मजकूर सांगितलात. विचारलं काही नाहीत.”

हे उत्तर तेव्हा मला फार बाणेदार वाटलं होतं. आता वाटत नाही. ते त्यांना जेवढं लागलं त्याच्या निम्मं मला लागायला हवं होतं.

त्यांनी लगेच खुलासा काढायचं ठरवलं, दोनशे प्रती. मी म्हटलं, मांडवीवर पत्रक वाचतंय कोण. गडग्यापलीकडून गुरुजींनी समिती नेमायची सूचना केली. मग पैसे नेऊन द्यावेत असं दोघांच्याही मनात आलं. मी सांगितलं की आत्या ते पैसे त्यांच्याच अंगावर फेकील. त्या दिवशी चार वाजता चहा झाला नाही. मासळीही आली नाही, मागच्या दारी आत्या फिरकली नाही आणि दुसरी कोणी कोळीणही फिरकली नाही. दोन घरांत बांगड्यांची जिंकलेली पाटी कशीबशी दोन दिवस पुरली आणि मग वाल सुरू झाले.

लिलावाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी आत्याबरोबर बंदरावर गेले. तिला नको म्हटलं तरी ती निघालीच होती. शेट पुढेच उभे होते, बाह्या सरसावून. आणि त्यांच्यापासून दहा पावलांवर कोट आणि छत्री. भाऊसाहेब एकटेच आले होते. तेवढ्यात दुसऱ्या वाटेनं पिशवी घेऊन गुरुजी आले. एकमेकांना न सांगता आले होते, हे दोघांच्या चेहऱ्यांवरून कळत होतं.

पहिली पाटी मांडली. आत्यानं “साठ” म्हटलं, हळू आवाजात. शेटनी तोंड उघडलं. त्याच क्षणी भाऊसाहेब त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि विचारलं, “शेट, तुम्हाला बर्फ काय दरानं मिळतो?”

शेटनी सवयीनं दर सांगितला. भाऊसाहेब म्हणाले, तो कारखान्यावर सरकारी बंधनं असल्यामुळे एवढा महाग आहे. डाव्या बाजूनं गुरुजी म्हणाले, साफ खोटं, बंधनं आहेत म्हणून तर तेवढ्यात मिळतो. भाऊसाहेब म्हणाले, वीज. गुरुजी म्हणाले, धरणं. शेटची मान उजवीकडे डावीकडे व्हायला लागली. पुकारणाऱ्यानं एक वार म्हटलं. शेट म्हणाले, अहो थांबा, मला बोली लावायचीय. भाऊसाहेबांनी त्यांच्या सदऱ्याचं बटण धरलं आणि म्हणाले, “तोच तर मूळ मुद्दा आहे. बोली म्हणजे काय?”

“त्याचं उत्तर मी देतो,” गुरुजी म्हणाले.

दोन वार झालं. शेट छत्रीखालून निसटायला बघत होते, तर वाटेत गुरुजींची पिशवी. पुकारणाऱ्यानं आयुष्यात कधी म्हटलं नसेल इतक्या झपाट्यानं तीन वार म्हटलं, आणि पाटी आत्याची झाली.

असं नऊ दिवस चाललं. शेट जागा बदलायचे, हे दोघं मागे जायचे. शेट ट्रकच्या पलीकडे गेले, तिथे त्यांना वाहतुकीच्या परवान्यांवर दोन्ही बाजूंनी ऐकावं लागलं. एकदा त्यांनी कानात बोटं घातली, पण मग त्यांना बोली कुठवर आली ते कळेना. चर्चा मात्र खोटी नव्हती. दोघंही मनापासून भांडत होते आणि बंदरावरची माणसं, पोटात मावेना एवढं हसू दाबून, समुद्राकडे बघत होती. धोरणविषयक चर्चेचा काही उपयोग होतो का, असं मला पुढे कित्येकांनी विचारलं. मी प्रत्यक्ष पाहिलाय, सलग नऊ सकाळी.

दहाव्या दिवशी पहिली पाटी मांडली गेली. शेटनी दोघांना येताना पाहिलं, खिशातून बिडी काढली, पेटवली, आणि ते पाठ करून समुद्राकडे बघत उभे राहिले. आत्यानं भाव सांगितला. भाऊसाहेब आणि गुरुजी तोंडं उघडून तसेच थांबले. मग तेही समुद्राकडे बघायला लागले. मला तेव्हा रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्याच दिवशी आत्या भाऊसाहेबांच्या मागच्या दारी गेली. भाऊसाहेब स्वतः बाहेर आले. तिनं भाव सांगितला आणि त्यांनी मुकाट्यानं पैसे पुढे केले. आत्यानं पाटी पुन्हा डोक्यावर घेतली.

“भाव करा, भावसायब,” ती म्हणाली. “मी काय भीक मागाया आल्ये?”

मग भाऊसाहेबांनी अर्धा तास घासाघीस केली. गुरुजी गडग्यावरून आत्याच्या बाजूनं बोलत होते, त्यामुळे भाऊसाहेबांना तोच बांगडा महाग पडला.

काही महिन्यांनी अधिकाऱ्यांचा अहवाल आला. मांडवीच्या लिलावात ‘असाधारण तीव्र स्पर्धा’ आढळल्याचं त्यात म्हटलं होतं, सबब नियंत्रणाची निकड नाही. माझ्या मते ती फाइल मुंबईत आपोआपच मागे पडली असती, तशी बरीच पडायची. पण आमच्या धंद्यात जे घडलं ते आपल्यामुळे, आणि जे घडलं नाही ते सरकार बहिरं असल्यामुळे, असंच धरून चालतात. चिकटवहीत ते पान लागलं. खाली ‘परिणाम’ लिहायला भाऊसाहेबांनी पेन उघडलं, थोडा वेळ धरलं आणि तसंच मिटलं.

मग ते म्हणाले, पत्रकाची दुसरी आवृत्ती काढू. मी स्टेन्सिल चढवली. सोळा पानं जशीच्या तशी होती. मुलाहिजा नाही या वाक्यावर आल्यावर त्यांनी थांब म्हटलं. तिथे एक फुली टाकायला सांगितली, आणि पानाच्या तळाशी बारीक तीन शब्द. अपवाद केला की नियम सडतो, असं तीस वर्षांच्या अनुभवानं सांगणारा हा माणूस. शब्द सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ‘पहिली पाटी सोडून.’

त्या आवृत्तीची पहिली प्रत मी घरी नेली. आत्याला वाचता येत नव्हतं. तिला संध्याकाळी ओट्यावर बसवून मी अख्खं पत्रक वाचून दाखवलं, मागणी, पुरवठा, स्पर्धा, परदेशी विद्वानांचे दाखले, सगळं. ती सुकटीतले खडे निवडत ऐकत होती. मधे एकदा तिला डुलकी लागली. शेवटी मी ते तळाचे तीन शब्द वाचले. तिनं मान वर केली आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचले.

“बरोबर हाय,” आत्या म्हणाली. “पन येवडाच लिवायचा व्हता, तर बाकीची पाना कशाला काळी केलीत?”